व्हीगन बाळाचं बी-१२ : ड्रॉप्सवर भरवसा ठेवायचा की दूध सुरू करायचं?

मोरपंखी

माझा मुलगा दोन वर्षं चार महिन्यांचा आहे. आम्ही दोघं सात वर्षांपासून व्हीगन आहोत, म्हणजे दूध-अंड्यांसकट प्राण्यांपासूनचं काहीच खात नाही. तोही जन्मापासून तसाच वाढतोय. परवा ओळखीतल्या एका जोडप्याकडे गेले होते. त्यांची मुलगी दीड वर्षाची, तीही व्हीगन. बोलता बोलता विचारलं, बी-१२ जीवनसत्त्वाचे ड्रॉप्स कुठले देता? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "अगं, ती सगळं खाते की! भाज्या, फळं, कडधान्यं, कशालाच नाही म्हणत नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं मत आधीच सांगून टाकते. मूल व्हीगन वाढवता येतं, पण त्याला बी-१२ बाहेरून द्यावंच लागतं. ज्यांना ते नेमाने द्यायला जमणार नाही त्यांनी मुलाला दूध-अंडी द्यावीत. तत्त्व आपण निवडलंय, त्याने नाही.

बी-१२ कुठलीही वनस्पती बनवत नाही. खरं तर प्राणीही बनवत नाहीत, ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. गाईच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात आणि तिथून ते दुधात उतरतं. मूल कितीही भाज्या खाईना का, त्यात हे मिळणार नाही.

मोठ्या माणसांचा अंदाज इथेच चुकतो. आपल्या शरीरात, मुख्यतः यकृतात, साधारण २ ते ५ मिलिग्रॅम साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो. त्यामुळे "मी तीन वर्षं काही घेतलं नाही, मला काही झालं नाही" असं म्हणणारे भेटतात. बाळ जन्मताना जो साठा आईकडून घेऊन येतं तो मायक्रोग्रॅममध्ये (मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात) मोजण्याएवढा असतो. आईच्याच अंगात कमी असेल, तर तो काही महिन्यांत संपतो.

आता माझी चूक. मुलगा चौदा महिन्यांचा असताना मी ड्रॉप्स बंद केले, कारण तो रोज दोन पेले फोर्टिफाइड, म्हणजे वरून जीवनसत्त्वं मिसळलेलं, सोया दूध पीत होता आणि त्यात बी-१२ होतं. मधे नेहमीचं दूध मिळेना, म्हणून नवऱ्याने दुसरं आणलं. खोक्याचा रंग तोच, चित्र जवळपास तेच, वर 'सेंद्रिय' लिहिलेलं. मला उलट बरंच वाटलं. तीन महिन्यांनी एका सकाळी तो पेला उपडा करून खेळत होता आणि मी ओट्याशी उभी राहून सहज खोक्याची मागची बाजू वाचली. पाणी, सोयाबीन, मीठ. पुढे काहीच नाही. मी दोनदा वाचलं. युरोपात तर सेंद्रिय पेयांमध्ये अशी जीवनसत्त्वं मिसळायला नियमानेच आडकाठी आहे, हे मला नंतर कळलं. तपासणीत त्याचं बी-१२ खालच्या काठाला आलं आणि होमोसिस्टीन, म्हणजे बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक, वाढलेलं. वरून पाहिलं तर मूल हसत-खेळत होतं. ड्रॉप्स पुन्हा सुरू केल्यावर आकडे सुधारले, पण ते तीन महिने मी विसरू शकत नाही.

तुम्ही काय करता? आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनीही लिहा.

रानवारा

मला पटत नाही. माणूस हजारो वर्षं मातीतून, न गाळलेल्या पाण्यातून बी-१२ मिळवत होता. आपण सगळं धुवून, पुसून, उकळून खातो आणि मग बाटलीतलं जीवनसत्त्व विकत आणतो. माझी मुलगी तीन वर्षांची आहे. स्पिरुलिना (सूक्ष्म शेवाळाची पूड), समुद्री शेवाळ आणि आंबवलेले पदार्थ तिला नियमित देतो. धावते, बोलते, गाणी म्हणते. सहा महिन्यांपूर्वी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन उत्तम. शिवाय त्या ड्रॉप्समध्ये सायनोकोबालामिन हा बी-१२ चा प्रकार असतो. नावातच सायनाइड आहे. ते मी लेकीच्या तोंडात घालणार नाही.

काचपट्टी

मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय, म्हणून राहवत नाही.

रानवारा, स्पिरुलिनात प्रामुख्याने बी-१२ सारखा दिसणारा वेगळाच रेणू असतो. काही तपासण्यांत तो बी-१२ म्हणून मोजला जातो, पण माणसाच्या शरीराला त्याचा उपयोग नाही. शेवाळात आणि आंबवलेल्या पदार्थांत थोडंफार सापडतं, पण किती ते जातीवर, वाळवण्यावर आणि कुठले जिवाणू होते त्यावर ठरतं. मातीतलं म्हणाल तर ते बहुतेक शेणामलातून आलेलं असतं, आणि त्या वाटेने जंतही येतात. पिढ्यान्‌पिढ्या पोरं त्यानेच आजारी पडत आली.

पण मला जास्त काळजी तुमच्या 'हिमोग्लोबिन उत्तम'ची वाटते. भाज्या-कडधान्यांत फोलेट हे दुसरं एक ब जीवनसत्त्व भरपूर असतं. फोलेट चांगलं असलं की बी-१२ कमी असूनही रक्तक्षय दिसेनासा होतो, आणि मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. म्हणजे तुम्ही ज्या आकड्याकडे पाहून निश्चिंत आहात तोच इथे फसवा आहे. नुसतं रक्तातलं बी-१२ सुद्धा पुरत नाही. होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल सोबत तपासा. बी-१२ शरीराला कामाला येतंय की नाही ते त्यातून कळतं.

आणि सायनाइड. सायनोकोबालामिनच्या वजनात त्याचा वाटा सुमारे २ टक्के. ५ मायक्रोग्रॅमचा डोस धरला तर ते एक दशांश मायक्रोग्रॅम होतं. एवढं शरीर सहज बाहेर टाकतं. हा प्रकार वापरतात तो टिकाऊ आहे म्हणून. मिथाइलकोबालामिन हा दुसरा प्रकार प्रकाशाने लवकर बिघडतो.

सांजवेळ

मी आजी आहे, दोन मुलं वाढवली आहेत, आणि माझं मत मोरपंखीच्या अगदी उलट आहे. सायनाइडच्या भीतीने नाही, वाचून बनवलेलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांच्या आहाराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मांस, मासे किंवा अंडी यांपैकी काही रोज असावं असं म्हटलंय. बेल्जियमच्या वैद्यक अकादमीने २०१९ मध्ये मुलांसाठी व्हीगन आहार योग्य नाही असं स्पष्ट सांगितलं. पोलंडमध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. व्हीगन मुलं सरासरी ३ सेंटीमीटर बुटकी निघाली, हाडांतली खनिजं कमी. मला सगळ्यात लागला तो नेदरलँड्सचा अभ्यास, २००० सालचा. लहानपणी सहाएक वर्षांपर्यंत जवळपास पूर्ण वनस्पतिजन्य आहारावर वाढलेली मुलं नंतर दूध वगैरे घ्यायला लागली, तरी किशोरवयात त्यांच्यातल्या अनेकांचं बी-१२ अपुरंच होतं आणि बुद्धीच्या काही चाचण्यांत ती मागे पडली.

आणि मोरपंखी, राग मानू नकोस, पण तुझ्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा तूच दिला आहेस. तुझ्यासारखी लेबलं वाचणारी आई तीन महिने चुकली. जी आई वाचत नाही, जिला वेळ नाही, जिचं मूल सांभाळायला दुसरं कोणी आहे, तिचं काय? एक खोका बदलला की मेंदूच्या वाढीला धोका, अशा आहारावर दोन वर्षांचं मूल ठेवावंच का? दूध पिणाऱ्या मुलाची आई एक दिवस विसरली तर काही बिघडत नाही.

तिढा

सांजवेळ, तुमचा मुद्दा वजनदार आहे, पण त्याची दुसरी बाजूही पाहा. २०१६ मध्ये इटलीत एका खासदार बाईंनी मुलांना व्हीगन वाढवणाऱ्या आईबापांना तुरुंगात टाकायचं विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही, पण अशा वातावरणात आईबाप काय करतात? डॉक्टरांपासून लपवतात.

आमचंच सांगतो. मुलगा अकरा महिन्यांचा असताना एका डॉक्टरांना आम्ही व्हीगन असल्याचं खरं खरं सांगितलं. ते दहा मिनिटं रागावले, "हे खूळ आधी बंद करा" म्हणाले आणि आम्हाला बाहेर काढलं. त्या दहा मिनिटांत बी-१२ हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. बायको घरी येईपर्यंत रडत होती. पुढच्या लसीच्या वेळी आम्ही "सगळं खातो" असं खोटंच सांगितलं. दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत शांतपणे विचारलं, "बी-१२ कुठून मिळतंय त्याला?" तेव्हा मुलगा दीड वर्षाचा झाला होता. मधले सात महिने त्या रागावण्यात गेले.

मोरपंखी

सांजवेळताई, राग कशाचा? ते वाक्य मी चार वेळा वाचलं. तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत.

पोलंडचे ते ३ सेंटीमीटर मलाही टोचतात. मुलाची उंची दर तीन महिन्यांनी मी आलेखावर मांडते ती त्यामुळेच. पण जर्मनीत २०१९ मध्ये एक ते तीन वर्षांच्या ४३० मुलांचा अभ्यास छापून आला. त्यात व्हीगन, शाकाहारी आणि सगळं खाणाऱ्या मुलांच्या वजन-उंचीत मोठा फरक सापडला नाही. जर्मनीच्याच पोषण संस्थेने २०१६ मध्ये मुलांना व्हीगन आहार देऊ नये असं म्हटलं होतं. २०२४ मध्ये तीच संस्था म्हणाली की पुरेशी माहिती नसल्याने आम्ही बाजूनेही सांगत नाही आणि विरोधातही नाही. मात्र बी-१२ चं सप्लिमेंट हवंच, हे ठामपणे सांगितलं. युरोपातल्या बालपोषणतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१७ मध्ये सप्लिमेंट आणि डॉक्टर-आहारतज्ज्ञांची देखरेख या दोन्ही अटी घातल्या आहेत.

एका गोष्टीत मात्र मी मागे हटणार नाही. आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगतात, तेव्हा आईचं दूध वाईट म्हणून सोडून द्या असं कोणी म्हणत नाही. थेंब द्यायची जबाबदारी आपण घेतो. ही जबाबदारीही तशीच घेता येते.

चुकीतून आम्ही एवढं केलं की एकाच गोष्टीवर विसंबायचं सोडलं. ड्रॉप्स रोज, आणि फोर्टिफाइड दूध वेगळं. दूध धरून ड्रॉप्स कमी करत नाही.

पाऊलवाट

वाद वाचतेय. माझ्या बहिणीच्या बाळाबद्दल लिहिते, तिला विचारून.

ती व्हीगन, गरोदरपणात आणि नंतरही काही घेत नव्हती. बाळ फक्त तिच्या दुधावर. सहाव्या महिन्यापर्यंत छान होतं, आवाजाकडे वळायचं, खळखळून हसायचं. सातव्या महिन्यात शांत झालं. सगळे म्हणाले, किती गुणी बाळ, रडत नाही. वरचं खाणं तोंडात घातलं की जिभेने बाहेर ढकलायचं. आठव्या महिन्यात मी भेटायला गेले आणि त्याच्यासमोर खुळखुळा हलवला. त्याने पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. हात पुढे आलाच नाही. पूर्वी बसायचं, आता मान एका बाजूला कलायची. बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडली होती, ती आम्हाला उन्हाची वाटली.

बी-१२ जवळजवळ नव्हतंच. इंजेक्शनं सुरू झाली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ते माझ्या बहिणीकडे पाहून हसलं. आता चार वर्षांचं आहे. चालतं, पळतं. बोलणं उशिरा आलं, अजून स्पीच थेरपी चालू आहे. ते पूर्ण भरून येईल की नाही, याचं उत्तर डॉक्टरांनी आम्हाला दिलेलं नाही.

बहिणीला स्वतःला काही म्हणजे काही होत नव्हतं. थकवा होता, तो लहान बाळाच्या आईला असतोच असं समजलो. ती आजही व्हीगन आहे आणि तिघंही रोज बी-१२ घेतात. कोण बरोबर हे मला ठरवायचं नाही. रानवारा, तुमच्या मुलीचं होमोसिस्टीन मात्र याच आठवड्यात तपासा, एवढी विनंती करते.

रानवारा

पाऊलवाट, तपासतो. उद्याच नंबर लावतोय. बाटलीतल्या गोष्टींबद्दलचं माझं मत एका दिवसात बदलणार नाही, पण हिमोग्लोबिन चांगलं म्हणजे सगळं चांगलं असं मी धरून चाललो होतो, तेवढं मागे घेतो.

एक शंका. ड्रॉप्सवर लिहिलेला आकडा गरजेच्या कितीतरी पट असतो. एवढ्या लहान मुलीला तो जास्त नाही का होणार?

काचपट्टी

एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची गरज अमेरिकेच्या शिफारशीत ०.९ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात १.५. पण आतडं एका वेळी साधारण दीड ते दोन मायक्रोग्रॅमच नीट उचलतं. त्यापुढे जे जातं त्यातलं जेमतेम १ टक्का आत शिरतं. म्हणून आकडा मोठा दिसतो. बी-१२ साठी वरची मर्यादा अमेरिकेनेही ठरवलेली नाही आणि युरोपानेही नाही, कारण जास्त झाल्याने अपाय झाल्याचं आढळलेलं नाही. आठवड्याचं राहिलं म्हणून रविवारी सातही दिवसांचे थेंब एकदम पाजले, तर त्याच कारणाने रोजच्याइतकं मिळत नाही. नेमका डोस मुलीच्या डॉक्टरांकडून घ्या. आणि रक्त आधी द्या, ड्रॉप्स नंतर सुरू करा, नाहीतर खरा आकडा कळणार नाही.

सांजवेळ

माझं मत बदललेलं नाही. माझ्या हातात असतं तर मी नातवंडाला दूधच दिलं असतं. पण माझ्या हातात नाही. सून पाचव्या महिन्यात आहे आणि लग्नाआधीपासून व्हीगन आहे. चांगली मुलगी आहे, तिच्याशी भांडायचं नाही मला. तिढा यांनी लिहिलेलं वाचून वाटलं, मीही त्या डॉक्टरांसारखीच बोलत आले असेन. मोरपंखी, तिला नेमकं काय विचारू?

मोरपंखी

एवढंच विचारा, "बी-१२ काय घेतेस आणि शेवटचं कधी तपासलंस?" घेत नसेल तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका, या आठवड्यातच डॉक्टरांना फोन करायला सांगा. तिचं आत्ताचं बी-१२ हाच बाळाचा साठा आहे, आणि पुढे दूध पाजताना तिची गरज आणखी थोडी वाढते. बाळाला स्वतःचे ड्रॉप्स कधीपासून द्यायचे ते बाळंतपणाआधीच विचारून ठेवा, नंतर कोणाला सुचत नाही.

ड्रॉप्स द्यायची वेळ आली की थेंब जिभेच्या टोकावर टाकू नका, थुंकतात. छोट्या चमच्यात घेऊन गालाच्या आतल्या बाजूला सोडा. गोळी अख्खी कधीच नको, घशात अडकते. फोर्टिफाइड दुधाचा खोका ओतण्याआधी जोरात हलवा, मिसळलेलं तळाशी बसतं. आणि भिंतीवर कागद लावून ज्याने थेंब दिले त्याने तिथे खूण करायची. आमच्याकडे आधी मी समजायचे नवऱ्याने दिले, तो समजायचा मी दिले.