.४५-७० साठी घरी ओतलेल्या गोळ्या: १८७३ च्या वेगावर थांबावं का?

पाणंद:
विस्कॉन्सिनमध्ये राहतो. नोव्हेंबरातल्या नऊ दिवसांच्या हरणाच्या मोसमाला बरीच वर्षं जातोय. यंदा हाती मार्लिन १८९५ आहे, म्हणजे .४५-७० नावाचं जुनं जाड काडतूस डागणारी, लिव्हर हलवून भरायची रायफल. गोळ्या घरीच ओततो, पुंगळ्याही (काडतुसांची पितळी कवचं) घरीच भरतो. इथे ते कायदेशीर आहे. माझं मत असं की ४०५ ग्रेनची (सुमारे २६ ग्रॅम) शिशाची गोळी सेकंदाला १३०० फुटांच्या आसपास सोडावी आणि तिथेच थांबावं. १८७३ मध्ये हे काडतूस अमेरिकी सैन्यात आलं तेव्हा ७० ग्रेन काळ्या दारूवर साधारण एवढाच वेग मिळायचा, आणि त्या वेगावर रानगवेसुद्धा पडले.

रेंजवर सर्रास सांगतात, "प्रायमर चपटा झाला नाही ना? मग अजून थोडी दारू वाढव." प्रायमर म्हणजे पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी; दाब फार झाला की ती चपटी होते. पण या काडतुसाला तो सल्ला लागूच पडत नाही. सॅमी या काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने ठरवलेला कमाल दाब २८,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) आहे. प्रायमर चपटा होणं, पुंगळी अडकून बसणं ही लक्षणं दिसतात ती त्याच्या कितीतरी वर. पितळ काहीच बोलत नाही, आणि तोवर आपण मर्यादा ओलांडलेली असते. वेगळं मत असेल त्यांनी जरूर लिहा.

मोंटानाचा मावळा:
पितळाबद्दल बोललात ते शंभर टक्के खरं. निष्कर्ष मात्र पटला नाही. २८,००० ची मर्यादा जुन्या, कमजोर बांध्याच्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड रायफलींची काळजी घेऊन ठेवली आहे, कारण त्या रायफली आजही लोकांच्या घरात आहेत. तुमची मार्लिन ट्रॅपडोअर नाही. लायमन कंपनीच्या काडतुसं भरण्याच्या पुस्तकात रायफलीच्या ताकदीनुसार .४५-७० चे तीन वेगळे भाग आहेत, त्यातला मधला लिव्हरवाल्या रायफलींसाठी. तिथले आकडे दाब मोजून छापलेत. ते वापरणं आणि अंदाजाने दारू वाढवणं एकच कसं?

आमच्याकडे एल्क (मोठं हरीण) १५०-२०० यार्डांवर उभा असतो. १०० वर नेम बसवलेली तुमची गोळी २०० वर दोनेक फूट खाली जाते. अंतर जरा चुकलं की पाय मोडलेलं जनावर दरीत उतरतं आणि अंधार पडतो. मी एकदा हे पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही.

पाणंद:
म्हणून मी १०० च्या पलीकडे घोडा ओढतच नाही. एल्कचं रान वेगळं, मान्य. पण भाग तीन असले तरी पुंगळी तिन्हींची एकच, हे विसरू नका. मागे शेजाऱ्याने वीस काडतुसांची डबी दिली. वर पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं: "जोरदार". कुठल्या रायफलीला जोरदार? सगळी उचकटली. तीच डबी कुणी ट्रॅपडोअरवाल्याच्या हाती दिली असती तर?

ओहायोची ओतारीण:
तुम्ही दोघं वेगावर भांडताय, माझी भीती वेगळीच आहे. ही पुंगळी काळ्या दारूसाठी बनलेली, आत जागाच जागा. आजची झटकन जळणारी दारू थोडीशीच लागते, म्हणून चुकून दोनदा पडली तरी काठाबाहेर येत नाही. कमी वेगाचा भार म्हणजे सुरक्षित भार, हे पाणंददादांनी इतक्या सहज धरू नये.

माझ्याबरोबर झालंय. भरता भरता फोन वाजला, उठले, परत येऊन बसले. गोळ्या बसवण्याआधी सवयीने ट्रेवर टॉर्च मारला तर पन्नासांत एकीची पातळी वर. हात गार पडले. तेव्हापासून पुस्तकातली अशीच दारू निवडते जी पुंगळी निम्म्याहून जास्त भरते, म्हणजे दुसऱ्यांदा पडली तर सांडून दिसेल. आणि फोन वरच्या मजल्यावर ठेवून येते.

टोक चपटंच हवं, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. लिव्हर रायफलीच्या काडतुसं ठेवायच्या नळकांड्यात एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला टेकलेलं असतं; टोकदार गोळी असेल तर धक्क्याने तो पेटू शकतो. पुंगळीचं तोंडही घट्ट आवळलेलं हवं, नाहीतर धक्क्याने गोळी आत सरकते आणि दाब वाढतो. शिसं वितळवताना दारं उघडी, मुलं लांब, पाण्याचा एक थेंब जवळ नको. ओला तुकडा भांड्यात पडला तर वाफेच्या स्फोटाने वितळलेलं शिसं तोंडावर उडतं.

मोंटानाचा मावळा:
ताई, दारूबद्दल तुमचं ऐकतो. मी झटकन जळणारी वापरत होतो, बदलतो. वेगावर मात्र ठाम आहे.

पाणंद:
मी पण. पण जास्त वेगाला नळीत शिसं बसतं, त्याचं काय? त्यासाठी मिश्रण कडक करायचं, तर लायनोटाइपची (छापखान्यातल्या खिळ्यांच्या कडक मिश्रधातूची) गोळी जनावरात पसरत नाही, हाडावर फुटूही शकते.

ओहायोची ओतारीण:
शिसं बसलं की सगळे कडकपणाला दोष देतात. आधी माप बघा. नळीला तेल लावून मऊ शिशाचा तुकडा लाकडी दांड्याने आरपार ढकला, मग त्या तुकड्याला मायक्रोमीटर लावा. गोळी त्याहून इंचाचा हजारावा भाग जाड हवी. बारीक असेल तर कडेने गरम वायू निसटतो आणि शिसं वितळवून नळीतल्या आट्यांत चिकटवतो. मग १३०० लाही नळी घाणच होणार. दादा, तुम्ही नळी मोजलीय का?

पाणंद:
नाही. साच्यावर ४५९ (म्हणजे ०.४५९ इंच) छापलंय, त्यावर विसंबलो. शनिवारी मोजून आकडा इथेच टाकतो.