लँकेशरचे क्वेकर पूर्वज शोधतोय, चर्चच्या रजिस्टरात नावच नाही

जुनाकागद (फिलाडेल्फिया): मंडळी, सुनेच्या माहेरचा कुळवृत्तांत लिहायला घेतलाय, रिटायर माणसाचे उद्योग दुसरं काय. तिचे पूर्वज क्वेकर (ख्रिस्ती लोकांतला एक पंथ), इंग्लंडातल्या लँकेशरचे, १६८० नंतर विल्यम पेनच्या वसाहतीत म्हणजे इकडे पेनसिल्व्हेनियात आले एवढं घरात माहीत आहे. पण तिकडची चर्चची रजिस्टरं ऑनलाइन पालथी घातली तरी मूळ पुरुषाचा बाप्तिस्मा कुठेच नाही. वर नेटवरच्या दोन फॅमिली ट्रीमध्ये जन्मतारीख वेगळी, एकात ४ डिसेंबर १६७२, दुसऱ्यात ४ फेब्रुवारी १६७३. कुठली धरू?

पन्हं: काका, बाप्तिस्मा सापडणारच नाही, क्वेकर तो करतच नव्हते. त्यांच्या नोंदी त्यांच्याच मीटिंगच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या वहीत. या वह्या १८४० मध्ये सरकारजमा झाल्या, आता लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आरजी ६ या नंबराखाली आहेत, स्कॅन पैसे भरून घरबसल्या बघता येतात. देण्याआधी त्यांनी नक्कल करून ठेवली, तिला डायजेस्ट म्हणतात. शोधायला सोपी, पण लग्नाचे साक्षीदार त्यात गाळलेत आणि खरा माल तिथेच आहे हो! पाद्री नाही, जोडपं सगळ्यांसमोर वचन देतं आणि हजर असलेली मंडळी सर्टिफिकेटवर सह्या करतात, त्यात काका मामा आत्या सगळे सापडतात. म्हणून मूळ पानच बघा.

तळ्यातमळ्यात: तारखेचं सांगतो. मूळ नोंदीत 'बाराव्या महिन्याचा चौथा दिवस १६७२' असं असणार बघा. क्वेकर लोक महिन्यांची नावं घेत नसत, ती रोमन देवांवरून आलेली म्हणून, नुसता नंबर. आणि १७५२ पर्यंत इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं, आपल्या चैत्रासारखंच. मार्च पहिला, म्हणजे बारावा फेब्रुवारी, आणि आजच्या हिशोबाने साल १६७३. डिसेंबरवाल्याने बारावा महिना बघून डोळे झाकून डिसेंबर लिहिलाय. एकाच नोंदीची दोन वाचनं आहेत ही, दुसरं बरोबर.

जुनाकागद: वा! मग त्याच्या बापाचं काय? तो १६४० च्या आसपासचा असावा.

पन्हं: मग तो चर्चमध्येच शोधा, क्वेकर पंथच १६५२ च्या सुमाराला उभा राहिला, त्याआधी जन्मलेला बहुतेक रीतसर बाप्तिस्मा झालेला असतो. मात्र यादवी युद्धामुळे १६४० च्या दशकातली रजिस्टरं बऱ्याच ठिकाणी अर्धवट आहेत, नाव नाही म्हणून लगेच गाव सोडू नका.

तळ्यातमळ्यात: शिवाय कोर्टाचे कागद. हे लोक शपथ घेत नसत, चर्चचा दशमांश देत नसत, १६६४ च्या कायद्याने तर घरच्यांखेरीज बाहेरची पाच किंवा जास्त माणसं प्रार्थनेला जमली तरी गुन्हा. त्यामुळे लँकेशरातल्या प्रेस्टनच्या आर्काइव्हजमधले क्वार्टर सेशन्सचे, म्हणजे तिमाही भरणाऱ्या जिल्हा कोर्टाचे कागद चाळा. जोसेफ बेसने १७५३ मध्ये क्वेकरांच्या छळाच्या हकिकती दोन जाडजूड खंडांत छापल्या, जिल्हावार, मागे नावांची सूची, कुणाची गाय नेली कुणाची भांडी जप्त केली सगळं आहे. एवढं तपशीलवार चर्चच्या रजिस्टरात कधीच मिळत नाही.

पन्हं: आणि काका, तुम्ही फिलाडेल्फियाला बसलायत! स्थलांतर करणारे आपल्या मीटिंगचं सर्टिफिकेट बरोबर आणत, त्यावर कुठल्या मीटिंगमधून आले ते असतं. तुमच्या जवळच्या स्वार्थमोर आणि हॅवरफोर्ड कॉलेजात तुमच्याकडच्या जुन्या मीटिंगचे कागद आहेत. आधी तिथे जा, मग लँकेशर.