अनुभव धागा : ‘त्या’च्या अम्माबद्दल तुम्हाला काय आठवतं?

परवा मामाकडे जेवताना वाद पेटला. विषय : सोलापुरातल्या आमच्या पूर्व भागातल्या एका गुंडाची आई. ज्याचं नाव निघालं की दुकानांची शटरं खाली यायची, त्याची. मामा म्हणाला, "देवमाणूस होती." मामीनं भाकरी तव्यावर तशीच सोडली. "देवमाणूस? मग माझी भिशी?" भाकरी करपली तरी कुणी उठेना.

म्हणून इथं विचारतोय. नाव कुणाचंच लिहू नका आणि पोराचे पराक्रम नकोत, ते पानटपरीवर फुकट मिळतात. फक्त अम्माबद्दल सांगा.

मला तिचे हात आठवतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात तेंदूची पानं. पानावर पत्र्याचं माप ठेवून कात्री फिरवायची, चिमूट तंबाखू, वळली, दोरा, तोंड मुडपलं. नजर रस्त्यावर, तोंडानं तेलुगूत कुणाशी तरी बोलणं चालूच. पोरगा फरार असला तरी दिवसाच्या हजार विड्या चुकल्या नाहीत.

साखर पेठेतून

भिशीचं मी सांगते. अम्माला लिहिता येत नव्हतं, हिशेब चिंचोक्यांवर. प्रत्येक बाईच्या नावाची एक पुरचुंडी, हप्ता दिला की आत एक चिंचोका. माझ्या लग्नाच्या वेळी आमचा नंबर नव्हता, तरी तिनं आईला रक्कम उचलून दिली. जिचा नंबर होता ती बाई हूं की चूं बोलली नाही. तेव्हा वाटलं, किती समजूतदार! आता वाटतं, बोलणार तरी कशी होती?

मामीचा निरोप (टाइप मी करतोय)

पैसे बुडवले असं मी म्हणत नाही. माझा नंबर पुढं गेला, मग आणखी पुढं, मग भिशीच मोडली. तिनं एकदा स्वतःहून विचारलं होतं, "तुझं कायतर राहिलंय का गं?" ओट्यावर तो बसला होता, दात कोरत. मी म्हटलं, "नाही अम्मा."

एक निवृत्त कारकून

विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये बायकांनी घरी वळलेला माल मोजून घ्यायचो. सैल, फाटकी विडी बाजूला काढायची, ती छाट. तिची मजुरी नाही. बाकीच्या बायकांची छाट मी बेधडक काढली, अगदी रडल्या तरी. अम्माच्या टोपलीला कधी हात लावला नाही. एके दिवशी तिनंच मूठभर विड्या काढून माझ्यापुढं टाकल्या. "हे सैल हाय. दिसत नाही काय रे तुला?" मागं रांगेत बायका उभ्या होत्या. ती मला वाचवत होती की उघडं पाडत होती, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

सेटलमेंटमधून

सगळे ‘बिचारी, पोराचं पाप आईच्या माथी’ म्हणतायत म्हणून लिहितो. माझे आजोबा सेटलमेंटच्या, म्हणजे सरकारनं आमच्यासारख्या जमातींना डांबलेल्या वसाहतीच्या, तारेच्या कुंपणाआत वाढले. १८७१ च्या कायद्यानं जमातच्या जमात गुन्हेगार ठरवलेली. लहान पोर असो की म्हातारा, हजेरी चुकली की शिक्षा. १९५२ ला कायदा गेला, पण लोकांच्या तोंडातला शिक्का तसाच राहिला. ‘अमक्याची आई’ म्हणून एखादीला ओळखायचं हे मला पटत नाहीच. पण माझी आई नळावर गेली की हीच अम्मा आपली घागर बाजूला ओढायची. "सेटलमेंटवाली आली, बगा." तेव्हा तिचा पोरगा येरवड्यात होता!

कुंभारीहून

शेवटी ती इकडं राहायला आली म्हणतात. २००६ ला इथल्या विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत आम्हाला घर मिळालं, तेव्हापासून मी इथं आहे. १० हजार घरं आहेत ओ. मला दिसली नाही म्हणून नव्हती असं कसं सांगू?

तिच्या वाड्यातला भाडेकरू

पोलीस आले त्या रात्रीचं दोन्ही बाजूंनी ऐकलंय. एक म्हणतो, तिनं कडी लावली आणि आतून ओरडली, "माझं इथं कुणी नाही, जा." दुसरा म्हणतो, पुढं पोलिसांना पाणी देत बसली आणि मागच्या दारानं त्याला काढून दिलं. मी तेव्हा आठ वर्षांचा, भिंतीपलीकडं जागा होतो. तिचा आवाज आला होता, पण ती तेलुगूत बोलली आणि आमच्या घरात कुणाला तेलुगू येत नव्हतं. एक मात्र छातीठोक सांगतो. त्या खोल्यांना मागचं दार नव्हतंच. मागं मोरी होती आणि मोरीला हातभर झरोका.

मामी पुन्हा

झरोका नव्हे, दारच होतं. भिशीचे पैसे द्यायला मी त्याच दारानं जायचे.