मदत हवी आहे: सासूबाईंना मे महिन्यात कुर्डीला न्यायचंय

नमस्कार मंडळी, आम्ही म्हापशाला असतो. सासूबाईंचं माहेर कुर्डीचं, म्हणजे सांगे तालुक्यातलं साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं गाव, मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी ते हेच. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं आणि सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो हे आता सगळ्यांना माहीत झालंय, यूट्यूबवर ड्रोनचे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण गुडघे दुखणाऱ्या बाईला घेऊन तिथवर पोचायचं कसं ते एकाही व्हिडिओत नाही!

आधी मामा वालकिणीच्या, म्हणजे कुर्डीकरांना जिथे वसवलं त्या वसाहतीतून सगळी सोय बघायचे, आता तेच थकलेत. आईंना मात्र यंदा जायचंच आहे. घराचं जोतं कुठे होतं ते मी बरोबर दाखवते म्हणतात. तर विचारायचं असं की गाडी नेमकी कुठवर जाते आणि पुढे चालायला किती लागतं, उत्सवाच्या दिवशी जावं की गर्दी टाळून आधी, सावली कितपत आहे, आणि बायकांसाठी बाथरूमची सोय जवळात जवळ कुठे? सोबत दोन पोरं आहेत, ती तासाभरात कंटाळणार, म्हणून आजूबाजूचंही काही सुचवा, हवं तर एक रात्र राहू.

प्रतिसाद १
ताई, मी कुडचड्याचा. पहिली गोष्ट, एप्रिलमध्ये जाऊ नका, पाणी बऱ्यापैकी असतं आणि जिथून उतरलंय तिथे चिखल. जमीन नीट वाळलेली असली तर गाड्या खाली पात्रात जातात, पण वळवाचा पाऊस पडून गेला असेल तर गाडी वर ठेवायची, रुतली की ओढायला कोण येणार? सावली विसरा. झाडांचे नुसते बुंधे उरलेत. पहाटे निघा, दहाच्या आत परत फिरा, पाणी नि खाणं सांग्यातच घ्या आणि बाथरूमही तिथेच उरकून घ्या. उत्सवाची तारीख नेटवर बघू नका, वालकिणी नि वाडे या वसाहतींतल्या लोकांना विचारा, तुमच्या मामांनाच कळलेली असेल. मी म्हणेन उत्सवालाच न्या. गर्दी असते, पण ती सगळी त्यांचीच माणसं, एरवी गोव्यात कुठे कुठे पांगलेली. ख्रिस्ती कुर्डीकरसुद्धा मे महिन्यात आपल्या चॅपलच्या फेस्ताला येतात.

प्रतिसाद २
कुर्डीचं महादेवाचं जुनं देऊळ पाण्यात जाऊ नये म्हणून पुरातत्त्व खात्याने दगडन् दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन परत उभं केलंय, ते आईंना नक्की दाखवा, तिथे गुडघ्यांना त्रास नाही. पोरांसाठी रिवणच्या पुढे पणसायमळ. कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर कोरलेले बैल, हरणं, मोर आणि एक गोल चक्रव्यूह आहे, १९९३ साली उजेडात आलं ते. पावसात नदी चढते, मे महिन्यात छान दिसतं. नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळापुढची बुडबुड्यांची तळी बघा, टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात म्हणतात, खरंखोटं पोरं ठरवतील. सावरीच्या धबधब्याला मे महिन्यात दम नसतो, वर रानातली चाल, आईंना घेऊन नकोच.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे! मामांना फोन केला, तारीख कळवतो म्हणाले, आणि आईंनी पलीकडून फोन हिसकावून घेऊन तासभर कोण कोण येणार याचीच चौकशी केली. मग आम्ही उत्सवालाच जाऊ. आता एवढंच सांगा, आदल्या रात्री नेत्रावळी किंवा वेर्ल्यात कुणाच्या घरी राहायची सोय होते का, साधं चालेल, फक्त संडास घरात हवा आणि पायऱ्या कमी. आणि घडीची खुर्ची नेली तर त्या जमिनीवर नीट टेकते का? तासभर कुठेतरी बसायला लागणारच त्यांना.