शब्दचर्चा : खेळाडूचा ‘माइंडसेट’, प्लेऑफ आणि ऐनवेळी कच खाणे

सातपूरकर : पुतणी गंगापूर रोडवरच्या एका क्लबात बास्केटबॉल खेळते. क्लबच्या अंकासाठी माझ्याकडे लेख मागितलाय. विषय : मोठ्या खेळाडूचा माइंडसेट आणि प्लेऑफमधली, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांमधली कामगिरी. मी एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या यानिस अँटेटोकुंपोवर लिहिला. अंक तपासणाऱ्या निवृत्त गुरुजींनी दोन शब्दांवर लाल पेन चालवलं. ‘मानसिकता’ खोडून ‘मनोवृत्ती’ केलं आणि ‘प्लेऑफ’ खोडून ‘बाद फेरी’. मला दोन्ही पटत नाही.

मनोवृत्ती माणसाला कायमची चिकटलेली असते. कोती मनोवृत्ती, गुन्हेगारी मनोवृत्ती असं आपण म्हणतो. मला सांगायचंय ते वेगळं आहे. २० जुलै २०२१ ला अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात यानिसने फिनिक्स सन्सविरुद्ध ५० गुण केले, त्याचे १९ पैकी १७ फ्री थ्रो (समोरच्याच्या फाउलबद्दल मिळणारे मोकळे शॉट) बसले आणि मिलवॉकी बक्स विजेते झाले. एप्रिल २०२३ मध्ये मायामी हीटविरुद्ध पहिल्याच फेरीच्या शेवटच्या सामन्यात त्याच माणसाचे २३ पैकी १० च बसले आणि अव्वल मानांकन असलेला संघ घरी गेला. दोन वर्षांत त्याची मनोवृत्ती बदलली? मला तसं वाटत नाही. मग जे बदललं त्याला काय म्हणायचं?

पंचवटीकर : गुरुजींचं अर्धं बरोबर आहे. ‘मानसिकता’ आमच्या शाळेच्या दिवसांत कानावर पडल्याचं मला आठवत नाही. हिंदी वर्तमानपत्रांच्या वाटेने ती आली असावी आणि आता कुठेही बसते. परवा रविवार कारंजावर एक जण फोनवर सांगत होता, ‘आज माझी लग्नाला यायची मानसिकता नाही.’ म्हणजे इच्छा नाही! इच्छा, तयारी, कल, पूर्वग्रह या सगळ्यांचं काम एका शब्दावर टाकलं की एकही काम धड होत नाही. तुम्हाला हवा तो शब्द ‘मन:स्थिती’ आहे. सरळ तो लिहा.

सातपूरकर : मन:स्थिती क्षणाची असते, येते आणि जाते. खेळाडू ही गोष्ट वर्षानुवर्षं कमावतो. वृत्ती जन्माची, स्थिती घटकेची. मला या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवंय.

भगूरकर : मग ‘मनाची बैठक’ घ्या. वैचारिक बैठक म्हणतोच ना आपण? गवयाचीही बैठक असते. रियाजाने पक्की होते आणि एखाद्या दिवशी मोडतेही. लेखात परत परत लागणार असेल तर ‘मनोबैठक’ असा जोडशब्द करा. आमच्या गावच्या सावरकरांनी दिनांक, महापौर, हुतात्मा हे शब्द दिले तेव्हाही लोक म्हणाले होते की हे कोण बोलणार. आज महापौर म्हणताना कोणाची जीभ अडखळते?

कॉलेजरोड : महापौर रुजला कारण ते पद होतं आणि रोज छापून येत होतं. मनोबैठक कोण छापणार? आणि ‘मनो’ संस्कृत, ‘बैठक’ देशी, ही मोट तुमच्याच शुद्धीच्या नियमात बसत नाही. दहा-बारा वर्षांची मुलं वाचणार आहेत. ‘माइंडसेट’ त्यांना कळतो, तोच ठेवा.

भगूरकर : मुलांना कळतं म्हणून कळतं तेवढंच द्यायचं ठरवलं, तर त्यांची भाषा वाढणार कशी? टेबल, स्टेशन याबद्दल माझी तक्रार नाही, त्या वस्तू बाहेरून आल्या. मन बाहेरून आलेलं नाही. मनाच्या व्यवहारासाठी शब्द उसने घ्यावे लागणं मला लागतं.

चढाई-पकड : मी कबड्डीची पंचगिरी करतो, म्हणून फक्त दुसऱ्या शब्दाबद्दल. ‘बाद फेरी’ साफ चूक आहे. आमच्याकडे बाद फेरी म्हणजे हरला की पिशवी उचलायची. एनबीएच्या प्लेऑफमध्ये सातपैकी चार सामने आधी जिंकणारा पुढे जातो. २०१६ ला क्लीव्हलँड १-३ ने मागे होतं, समोर नियमित हंगामात ७३ सामने जिंकलेला गोल्डन स्टेटचा संघ. तरी क्लीव्हलँडने ४-३ ने अजिंक्यपद घेतलं. गुरुजींच्या बाद फेरीत हे घडायला जागाच नाही. आणि मनाचा प्रश्नही यात आहे. एकाच सामन्याच्या दडपणाची जात वेगळी. इथे तोच प्रतिस्पर्धी दोन आठवडे तुमची एकच खोड परत परत उकरत राहतो. प्लेऑफ ठेवा, नाहीतर ‘निर्णायक मालिका’ म्हणा.

पंचवटीकर : ‘निर्णायक’ म्हटल्यावर लोकांना शेवटचा सामना वाटेल. ‘उत्तरफेरी’ कसं वाटतं?

चढाई-पकड : उत्तरफेरी ऐकल्यावर मला उत्तरपत्रिका आठवते, पंचवटीकर. नको.

पूर्वीची गार्ड : मी कॉलेजच्या संघातून खेळले आहे. कोर्टवर यातला एकही शब्द कोणी बोलत नाही. ‘डोकं थंड ठेव’, ‘हात बसलाय तिचा’, ‘हात जड झाला’ एवढंच कानावर येतं. फ्री थ्रो म्हणजे काय ते जरा जवळून सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

बाकी सगळा खेळ पळता पळता होतो. कोणीतरी अंगावर असतं, विचाराला फुरसत नसते. फ्री थ्रोला सगळे थांबतात. पंधरा फुटांवर रिंगमागचा बोर्ड, मध्ये कोणी नाही, चेंडू तुमच्या हातात. आम्ही ज्या आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतो त्यात पाच सेकंद मिळतात, एनबीएत दहा. यानिसची तयारी फार लांबते, म्हणून २०२१ च्या प्लेऑफमध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावर अख्खं प्रेक्षागृह मोठ्याने एक, दोन, तीन मोजायचं. त्या प्लेऑफमध्ये त्याचे एकूण साठ टक्केही फ्री थ्रो बसले नव्हते. शेवटच्या सामन्यात १७ बसले ते या पार्श्वभूमीवर.

आता मराठी. ही गोष्ट अंगवळणी पडलेली असते. शब्द नीट बघा : अंगाच्या वळणी. मनाच्या नव्हे. कोपर किती वाकवायचं, मनगट कधी सोडायचं, हे अंगाला माहीत असतं. दडपण आलं की मन त्या वळणात डोकावतं आणि कोपराला विचारतं, बरोबर आहे ना? तिथे हात अडखळतो. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांनी गोल्फच्या पटिंगवर, म्हणजे चेंडू हलकेच खळग्यात ढकलण्यावर, केलेल्या प्रयोगांतून हेच मांडलंय. सरावाने आपोआप होणाऱ्या हालचालीवर खेळाडू लक्ष ठेवू लागला की ती बिघडते. म्हणून ‘मन खंबीर कर’ हा सल्ला फ्री थ्रोच्या रेषेवर उलटा पडतो. मनाला तिथून दुसरीकडे न्यायचं असतं. कोणी चेंडू ठरावीक वेळा आपटतं, कोणी श्वास मोजतं, ते यासाठी.

सातपूरकर : ताई, हा परिच्छेद लेखात घेऊ का?

पूर्वीची गार्ड : घ्या की. पण ‘अंगवळणी’ बदलू देऊ नका गुरुजींना.

येवल्याचा आसारीवाला : वर्तमानपत्रं अशा वेळी ‘ऐनवेळी कच खाल्ली’ लिहितात, त्याबद्दल कोणीच बोललं नाही. माझं मत सांगतो. हा शब्द पतंगाच्या कुटुंबातला असावा. पतंग एका बाजूला झुकत राहिला की तो ‘कन्नी खातो’. संक्रांतीचे तीन दिवस येवल्यात गच्चीवर उभं राहून बघा, कन्नी खाणारा पतंग वाऱ्याला जोर आला की हमखास झुकतो. कच खाणं त्याचंच भावंड.

पंचवटीकर : कन्नी आणि कच यांचा संबंध फक्त ‘खाणे’ इतकाच दिसतो. मराठी काय काय खाते बघा : मार, हाय, माती, शेण, हेलकावे, गटांगळ्या. जे सोसावं लागतं ते आपण खातो. ‘कच’चा जवळचा नातेवाईक ‘कचरणे’ वाटतो मला.

कॉलेजरोड : कचरणे आणि कच खाणे एक नाही, आणि बास्केटबॉलमध्ये हा फरक डोळ्यांनी दिसतो. कचरणारा चेंडू मागतच नाही. २०११ च्या अंतिम मालिकेत डॅलसविरुद्ध चौथ्या सामन्यात मायामीच्या लेब्रॉन जेम्सने ११ च शॉट घेतले, गुण ८. मालिका मायामी ४-२ ने हरली. तो कचरला, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. पुढच्याच वर्षी तो अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू होता, म्हणजे ते कचरणं त्याच्या वृत्तीतलं नव्हतं.

‘हाय खाणे’ आणखी वेगळं. १९९५ च्या अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात ऑरलँडोच्या निक अँडरसनने शेवटच्या सेकंदांत लागोपाठ चार फ्री थ्रो घालवले. त्यातला एक बसला असता तर सामना बहुतेक खिशात होता. ह्यूस्टनने बरोबरी केली, जादा वेळेत जिंकले आणि मालिकाही ४-० ने नेली. पुढे दोन हंगामांत अँडरसनचं फ्री थ्रोचं प्रमाण सत्तर टक्क्यांवरून चाळीसच्या आसपास आलं. याला कच खाणं म्हणणं अपुरं आहे. त्याने हाय खाल्ली.

आणि यानिस? २०२३ च्या त्या सामन्यात त्याने ३८ गुण केले, शेवटपर्यंत रिंगवर धडकत होता, म्हणून तर २३ फ्री थ्रो मिळाले. पहिल्या सामन्यात पाठीला मार बसल्याने मधले दोन सामने तो बाहेर होता. त्याला यातला एकही शब्द लागू होत नाही. जे सामना हरले त्या सगळ्यांनी कच खाल्ली, असं छापणाऱ्यांनी जरा विचार करावा.

इंदिरानगरची : इथेच त्याचं ते उत्तर घ्यायला हवं. हंगाम अपयशी म्हणायचा का, असं त्या पराभवानंतर पत्रकाराने विचारलं. त्याने उलट विचारलं : मायकेल जॉर्डन पंधरा वर्षं खेळला, सहा विजेतेपदं मिळवली, मग उरलेली नऊ वर्षं अपयश होती का? खेळात अपयश नसतं, कधी तुमची पाळी, कधी दुसऱ्याची. मराठीत हे फार सहज सांगता येतं. आपल्याकडे पराभव वेगळा, अपयश वेगळं. पराभव समोरचा करतो, अपयश पदरी येतं. त्याला पराभव मान्य होता.

सातपूरकर : माझं खरं अडलंय ते त्याच्या दुसऱ्या एका बोलण्यावर. २०२१ च्या अंतिम मालिकेदरम्यान तो म्हणाला होता की मागे काय केलं यात रमलो तर तो ‘ईगो’, पुढे काय करीन यात रमलो तर तो ‘प्राइड’, आणि आत्ताच्या क्षणात राहिलो तर ती ‘ह्युमिलिटी’. अहंकार, अभिमान, नम्रता असं मी लिहिलं. गुरुजींनी समासात लिहिलंय, ‘अभिमान चांगला असतो’.

इंदिरानगरची : गुरुजी बरोबर आहेत. मराठी अभिमान बाळगायचा असतो. इथे ‘गर्व’ किंवा ‘घमेंड’ हवं. शिवाय आपली नम्रता दुसऱ्यासमोर असते, हात जोडलेली. तो म्हणतोय तिथे समोर कोणी नाही. ‘मीपणा सोडणं’ जास्त जवळ जाईल.

भगूरकर : मीपणा तर पहिल्याच शब्दासाठी लागेल. तिसऱ्यासाठी ‘निरहंकार’.

इंदिरानगरची : निरहंकार मुलांना पाठ करावा लागेल, भगूरकर. मीपणा घरात बोलला जातो.

सातपूरकर : म्हणजे मागच्याला मीपणा, पुढच्याला घमेंड आणि आत्ताच्याला काय? लेख शुक्रवारी द्यायचाय.

पंचवटीकर : देताना ‘अवसान’ शब्द मात्र जरूर घाला. ‘अवसान गळालं’ यात तुमचा सगळा विषय आहे. शुद्ध संस्कृत, कोणाची हरकत नाही.

कॉलेजरोड : संस्कृतात अवसान म्हणजे शेवट. धैर्य हा अर्थ तिथला नाही. हिंदी-उर्दूत ‘औसान’ आहे, प्रसंगावधान, शुद्ध. ‘औसान खता होना’ म्हणजे आपलं अवसान गळणं. शब्द तिकडून आला आणि संस्कृत शब्दासारखा दिसायला लागला.

भगूरकर : मग ‘अवसानघात’ कुठून आला? ऐन शेवटच्या क्षणी केलेला घात. तिथे संस्कृत अर्थ सरळ आहे.

कॉलेजरोड : असेल. एका रूपात दोन शब्द नांदत असतील. मराठी कोशांत शेवट आणि धैर्य असे दोन्ही अर्थ आहेतच.

भगूरकर : दोन शब्द कशाला? शेवटच्या घटकेला जे बळ उरतं ते अवसान, असा अर्थविस्तार का नसेल? सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला खेळाडूकडे जे लागतं ते तेच.

पूर्वीची गार्ड : व्युत्पत्ती म्हणून मला सांगता येणार नाही, पण कोर्टवर हे शंभर टक्के लागू आहे. चौथ्या क्वार्टरला पाय संपलेले असतात.

येवल्याचा आसारीवाला : ‘उसनं अवसान’ कसं बसवणार मग? शेवटचं उरलेलं बळ उसनं आणता येतं का? आमच्याकडे म्हातारी माणसं ‘औसान’च म्हणतात, ‘अव’ नाही. भगूरकर, तुमच्याकडे जुनी माणसं काय म्हणतात ते विचारून सांगा.

भगूरकर : विचारतो. पण उच्चारात ‘अव’चा ‘औ’ होणं नेहमीचंच आहे, अवघडचं औघड होतं तसं. त्यावरून शब्द परका ठरत नाही.

चढाई-पकड : सातपूरकर, ‘प्लेऑफ’ बदलू देऊ नका एवढं बघा.