मदत हवी आहे: चढाला चेन उडते, रविवारी चोर्ल्याला निघायचंय

टिळकवाडी_सायकल: रविवारी आम्ही पाचजण बेळगाव ते चोर्ला घाट जाऊन येणार. शंभराच्या वर किलोमीटर होतील. दोन महिने तयारी चाललीय. आज जांबोटी रोडला सरावाला गेलो, तर चढ लागला की चेन उडते. सपाटीला काही नाही. किणयेच्या पुढे उभं राहून पेडल मारलं, चेन सटकली आणि गुडघा हँडलवर आदळला. मागून डंपर येत होता, थोडक्यात वाचलो. दुकानात दोनदा गिअर सेट करून घेतले, फरक नाही. लवकर सांगा.

खानापूरवाला: कुठली सायकल? किती गिअर? कुठल्या गिअरवर उडते?

चढउतार: केबल सैल झालीय. मागच्या डिरेलरजवळचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवतो तो भाग) छोटा गोल स्क्रू अर्धा फेरा फिरवा. तिलारीच्या चढाला माझं अगदी असंच झालं होतं.

टिळकवाडी_सायकल: ते दुकानात झालं हो. मागे सात गिअर. मधल्या तिन्हींवर उडते, सगळ्यात मोठ्या दातेरी चाकावर नाही.

वडगावची_ताई: सीट बोटभर वर घ्या, गुडघ्याचा त्रास जाईल. मला डॉक्टरांनी हेच सांगितलं.

टिळकवाडी_सायकल: ताई, गुडघा आपटलाय, दुखणं नाही.

आंबोलीप्रेमी: मी तर म्हणेन चोर्ला सोडा. चंदगडमार्गे आंबोली करा, ट्रकांची कटकट नाही.

खानापूरवाला: पावसाळ्यात शनिवार-रविवारी आंबोलीची गर्दी बघितलीय का? चोर्ल्याला जंगल आहे, वाटेत कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. नदी जिथून निघते तिथे बसून भाकरी खाल्ली की पुढचा चढ जाणवत नाही. फक्त गोव्याच्या बाजूला साखळीपर्यंत उतरू नका, परत सगळं चढावं लागतं.

जुनी_फ्रेम: अहो, आधी त्यांची चेन. अलीकडे सायकलचं काही बदललंत का?

टिळकवाडी_सायकल: काहीच नाही. चार वर्षांची आहे, पण नीट ठेवलेली. चेन तर गेल्याच आठवड्यात नवी घातली.

जुनी_फ्रेम: मग तेच. जुनी चेन ताणत गेली आणि तिच्याबरोबर मागच्या चाकांचे दातेही झिजत गेले. दोघांची जोडी जमलेली होती. आता नव्या चेनच्या कड्या नेमक्या अर्ध्या इंचाच्या, त्या झिजक्या दात्यांत बसत नाहीत. जोर आला की चढून उडतात. तुम्ही मधलेच गिअर जास्त वापरत असणार, मोठं चाक कमी, म्हणून ते शाबूत आहे.

चढउतार: नव्या चेनला दोष कसा देता? केबलच असणार.

जुनी_फ्रेम: दोष चेनला नाही, दात्यांना देतोय. केबल सैल असती तर गिअर बदलतानाही कुरकुर झाली असती. यांचं फक्त जोरावर होतंय. दाते फडक्याने पुसून टॉर्च मारून बघा. एका बाजूला कलले असतील, तर मागचं फ्रीव्हील, म्हणजे त्या दातेरी चाकांचा अख्खा गठ्ठा, बदलायला हवं. पुढच्या वेळी चेन लवकर बदला: 24 कड्या मोजा, 12 इंच भरायला हव्यात. दीड मिलिमीटर वाढली की काढायची, म्हणजे दाते वाचतात.

टिळकवाडी_सायकल: बघितलं. मधल्या तिन्ही चाकांचे दाते खरंच एका अंगाला झुकलेत, टोकं कोयत्यासारखी. मोठ्या चाकाचे सरळ आहेत. पण आज शुक्रवार, सात गिअरचं फ्रीव्हील इथे दोन दुकानांत नाही.

जुनी_फ्रेम: जुनी चेन टाकून दिलीत का?

टिळकवाडी_सायकल: नाही, डब्यात आहे.

जुनी_फ्रेम: तीच धुऊन, तेल घालून परत चढवा. या दात्यांवर तीच नीट बसेल. रविवार निघेल. नंतर चेन आणि फ्रीव्हील दोन्ही एकदम नवे घ्या. उद्या पिरनवाडीच्या पुढे एखाद्या चढावर आधी उभं राहून पेडल मारून बघा, रस्ता मोकळा असताना.

आंबोलीप्रेमी: मग आंबोली कधी करताय?

टिळकवाडी_सायकल: शनिवार, सकाळी साडेसहा. जुन्या चेनवर दोन चढ मारले, एकदाही उडाली नाही. उद्या पहाटे पाचला निघतोय. जुनी_फ्रेम, मनापासून आभार.

वडगावची_ताई: सीट मात्र बघून घ्या.