देशमुखी गेममधे कशी दाखवायची? टायटल म्हणून की नुसतं उत्पन्न म्हणून?

सिंहगडरोडकर
मंडळी, गेले सात-आठ महिने क्रुसेडर किंग्ज ३ या राजघराणी चालवायच्या कॉम्प्युटर गेमसाठी एक मॉड (म्हणजे मूळ गेममधे स्वतःचे बदल) करतोय, एकट्यानेच, ऑफिस सुटल्यावर. मूळ गेम ८६७, १०६६ नाहीतर ११७८ ला सुरू होतो, त्यात राष्ट्रकूट आहेत, कल्याणीचे चालुक्य आहेत, राजघराण्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यांच्याखाली जी घराणी हवीत तिथे बरेचदा गेमनेच बनवलेली नावं भेटतात आणि मला खेळायचंय ते नेमकं त्या खालच्या घराण्यांसोबत. म्हणून मी सुरुवात १६३६ ला ठेवली, निजामशाही बुडाली आणि शहाजीराजे आदिलशाहीत गेले तिथून. बारा मावळांची प्रत्येकी एक काउंटी (गेममधला छोटा मुलूख) केली आणि देशमुखांना काउंट, म्हणजे तिचा मालक केलं. हिरडस मावळ बांदलांना, गुंजण मावळ शिळीमकरांना, मुसे खोरं पासलकरांना, रोहिडखोरं जेध्यांना.

आता गंमत बघा. टेस्टला गेम नुसता चालू ठेवला तर दहा-बारा वर्षांत आदिलशहा एकेकाचं टायटल, म्हणजे काउंटीची मालकी, काढून घेतो आणि घराणं नकाशावरून गायबच होतं. पासलकर कुठल्यातरी परक्या दरबारात पाहुणे म्हणून बसलेले दिसले मला! प्रत्यक्षात तर उलट झालंय ना, निजामशहा गेला, आदिलशहा आला, मोगल आले, खोऱ्यातला देशमुख तोच. दुसरं म्हणजे रोहिडखोऱ्यात जेधेही देशमुख आणि उत्रौलीचे खोपडेही देशमुख, आणि गेममधे एका काउंटीला एकच मालक. एकाला देऊन दुसऱ्याला त्याच्या हाताखाली टाकला तर ते चूकच होईल, आणि खानाला मिळालेल्या खोपड्यांना वगळून अफझलखानाची मोहीम दाखवायची तरी कशी.

कुणी असं काही करून बघितलंय का? किंवा इतिहासाच्या बाजूने सांगा, देशमुखी म्हणजे नक्की काय धरायचं?

मोडीवाचक
तुमची गाडी अडलीये ती जहागीर आणि वतन एकच धरल्यामुळे. मी निवृत्तीनंतर मोडी शिकलो, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात वाचायला जात असतो, त्यामुळे जे कागद डोळ्याखालून गेलेत त्यावरून सांगतो. जहागीर, मोकासा हे दरबार देतो, फौज बाळगायला देतो आणि उद्या काढून दुसऱ्याला देतो. पुणे-सुपे ही शहाजीराजांची जहागीर. वतन तसं नाही. देशमुखी, पाटीलकी, कुळकर्ण ही पिढीजात, त्यात इनाम जमीन येते, हक्क-लाजिमा म्हणजे ठरलेलं हक्काचं उत्पन्न येतं, मानपान येतो. भावाभावांत त्याच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या पडतात, अडचण आली तर वतनाचा हिस्सा विकतात सुद्धा. सुभेदार बदलला तरी वसुली देशमुखाशिवाय होत नाही कारण कुठलं रान किती पिकतं हे त्यालाच ठाऊक. नवा धनी आला की देशमुख जाऊन नवी सनद करून घेणार, धन्याला पैसा हवा आणि याला शिक्का हवा, दोघांचंही काम भागतं.

आणि तंटा झाला तर एकटा राजा ठरवत नाही, गोतसभा, म्हणजे गावकरी आणि वतनदारांची सभा बसते. तिच्या निवाड्याचा कागद म्हणजे महजर, तो एकदा तरी प्रत्यक्ष बघा. कागदाला कागद चिकटवून हात-दीड हात नाही तर चांगला लांबलचक गुंडाळा होतो, सांध्यावर शिक्के, आणि शेवटी साक्षीदार. पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो, बलुतेदारांची आपापली हत्यारं. ज्याला सही येत नाही त्याचंही मत त्या कागदावर आहे. तुमच्या गेममधे वतन काढून घेताना हे सगळं गाव आडवं आलं पाहिजे.

पण ‘वतन हलतच नाही’ असंही करू नका. १६५६ ला महाराजांनी जावळी घेतली तेव्हा चंद्रराव मोऱ्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये. वतन मोडता येतं, फक्त त्यासाठी फौज घेऊन खोऱ्यात उतरावं लागतं, दरबारात बसून नुसता हुकूम काढून भागत नाही.

तोफखाना८६
भाऊ मी मॉडिंगच्या बाजूने सांगतो. काउंटी देशमुखाला देऊच नको, काउंटी जहागीरदाराला दे. देशमुखीसाठी जमीन नसलेलं वेगळं टायटल बनव आणि ते घराण्याला चिकटव. रोड्स टू पॉवर डीएलसी (गेमला वेगळा घ्यायचा जोडभाग) असेल तर त्यात बायझंटाइनांसाठी जी अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह पद्धत आणलीये ती उघडून बघ, तिथे सरदार घराण्याला स्वतःचं टायटल असतं आणि स्वतःची इस्टेट असते, सुभा हातातून गेला तरी घराणं उरतं. तुला हवा तो सांगाडा हाच आहे, एका काउंटीत दोन देशमुखही बसतील. फक्त तिथला सगळा जीव सम्राटाच्या मर्जीत आणि राजधानीच्या राजकारणात आहे, तुझ्याकडे तो गावात पाहिजे, म्हणजे इन्फ्लुअन्सच्या (दरबारातल्या वजनाच्या आकड्याच्या) जागी गोताचं मत असं काहीतरी घाल.

वारशाचं म्हणशील तर कॉन्फेडरेट पार्टिशन ही गेममधली मुलांत वाटणीची पद्धत भाऊबंदकीच्या जवळ जाते पण ती अख्खी टायटलं वाटते, एकाच टायटलचे हिस्से करत नाही. तक्षीम दाखवायची तर टायटल थोरल्याकडे ठेव आणि उत्पन्न मॉडिफायरने (आकडा कमी-जास्त करणाऱ्या नोंदीने) धाकट्यांच्या शाखांना वाट. युरोपा युनिव्हर्सालिस ४ मधे २०१८ च्या धर्मा डीएलसीने ‘मराठा’ असा अख्खा एक इस्टेट (इथे अर्थ समाजातला एक गट) केला, देश सांभाळायच्या गेममधे ते चालून जातं, पण निंबाळकर, घाटगे, माने, घोरपडे सगळे एकाच आकड्यात गेले. इथे तुला माणसं मिळतायत तर सोडू नको ही संधी.

भोरकडची
तोफखाना दादा, उत्पन्न आणि थोरलेपण वेगळं करा हे अगदी बरोबर सांगितलंत. माझं माहेर भोरकडचं, पाटलाचं घर. आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ यांची दोन घरं, मधे एकच भिंत, आणि बेंदराला पहिला बैल कुणाचा निघणार यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद ते आजोबा जाईपर्यंत बंदच. जमिनीचा वाद नव्हता हो, वाटण्या कधीच झालेल्या. मला आठवतंय, आजी बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावून, झूल घालून बैल दारात उभा करायची आणि समोरचा बैल निघाल्याचं वाजंत्रीवरून कळलं की मुकाट्याने झूल काढून घडी घालायची. आमचा बैल त्या दिवशी वेशीत गेलाच नाही. एवढं जिवाला लागतं ते, त्यामुळे मान हा तुमच्या गेममधे प्रेस्टीजचा नुसता आकडा नका ठेवू, कुणाच्या आधी कुणाला हे पण ठेवा. पावनखिंडीनंतर दरबारातला पहिल्या पानाचा मान महाराजांनी जेध्यांकडून बांदलांना देववला असं आमच्याकडे सांगतात. जेध्यांची एक बिघा जमीन कमी झाली नाही त्यात, तरी केवढं मोठं देणं आहे ते!

आणि सोयरीक बघा. गेममधे लग्न लागलं की दोन घरांची युती होते ना? इथे तसं धरून चालणार नाही. १६२४ ला भातवडीला शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने आणि त्यांचे सासरे लखुजी जाधव मोगलांकडून. जिजाबाईंचं सासर एका फळीत आणि माहेर समोरच्या. लग्नाने युती देऊ नका, दोन्हीकडचा निरोप पोचवता येईल एवढं द्या, बायकांच्या हातात खेळण्यासारखं काहीतरी येईल त्याने.

सिंहगडरोडकर
ताई, बैलाचं वाचून रात्री पुन्हा लॅपटॉप उघडला. मानाची उतरंड प्रत्येक खोऱ्याला वेगळी ठेवतो, वर-खाली होण्याचे प्रसंग लिहितो, पानाचा मान त्यातला पहिला. लग्नाची युतीही काढतो.

काका, एक अडलंय. १६५९ ला अफझलखानाला मिळा असं आदिलशहाचं फर्मान आलं तेव्हा कान्होजी जेधे पाचही मुलांना घेऊन महाराजांकडे आले आणि वतनावर पाणी सोडलं. खोपडे त्याच वेळी खानाकडे गेले, वतनासाठीच. हे खेळाडूच्या हातात द्यायचंय, पण ज्याने पाणी सोडलं त्याला बदल्यात लगेच काही दिलं तर तो सौदा होतो आणि काहीच नाही दिलं तर कुणी ते बटण दाबणार नाही.

मोडीवाचक
लगेच काही देऊ नका. पाणी सोडताना कान्होजींना पुढचं दिसत नव्हतं, खान वाईला येऊन बसलेला होता. खेळाडूलाही दिसू देऊ नका. फक्त मुलांची नावं स्क्रीनवर एकेक करून दाखवा, वतन जाणार ते त्यांच्या ताटातलं जाणार हे कळू दे.

सिंहगडरोडकर
असंच करतो. आधी रोहिडखोरं एकटंच पुरं करून फाईल इथे टाकतो, दोन देशमुख एका काउंटीत बसतात का ते बघू. आणि तक्षीम, हक्क-लाजिमा हे शब्द आहेत तसेच ठेवतोय.